कोबेची टेकडी आणि कोबेचा धक्का

आमच्या घरात ‘जपान’ हा शब्द येण्याआधी ‘कोबे’ हा शब्द आला. मरहूम आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर खलाशी होते. त्या काळी कोकणातल्या आमच्या गावात दर दुसऱ्या घरातला एक माणूस समुद्रावर असायचा. दादीच्या फडताळात निळ्या काठाची एक बशी होती, तिला सगळे ‘कोबेची बशी’ म्हणत. दोन्ही ईदांना ती बाहेर निघे, तिच्यात शिरखुर्मा वाढला जाई आणि धुऊन, पुसून परत वर जाई. कोबे हे एखाद्या कंपनीचे नाव असावे असेच आम्ही लहानपणी समजत होतो. पुढे शाळेत नकाशा पाहिला तेव्हा कळले की ते एक बंदर आहे.

आमचा मुलगा पाच वर्षांपासून ओसाकाला नोकरी करतो. सून आणि सहा वर्षांची नात तिथेच असतात. या वेळी आम्ही दोघे दीड महिना त्यांच्याकडे राहून आलो. ३ नोव्हेंबरला तिकडे सुटी असते, संस्कृती दिनाची. १९४६ साली याच तारखेला जपानची नवी राज्यघटना जाहीर झाली. त्याआधी हा दिवस सम्राट मेइजी यांचा वाढदिवस म्हणून पाळला जात असे. मुलगा म्हणाला, “अब्बा, उद्या कोबेला जाऊ. अम्मीला मशीद बघायचीये ना?” मशीद तर बघायची होतीच. बशीचे मात्र आम्ही त्याला सांगितले नाही. तो हसला असता.

ओसाका स्टेशनहून सान्नोमिया हे कोबेचे मुख्य स्टेशन जलद गाडीने वीस-बावीस मिनिटांवर आहे. सुटीमुळे डबा भरलेला, पण आवाज नाही. आपल्याकडे एवढ्या गर्दीत एवढी शांतता म्हणजे कोणीतरी वारले असावे असे वाटेल.

गाडीतून उतरल्याबरोबर हे गाव आपले वाटले, याचे कारण त्याची ठेवण. उत्तरेला रोक्कोचे डोंगर, दक्षिणेला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीत अख्खे शहर. इथले लोक रस्ता सांगताना उजवे-डावे फारसे सांगत नाहीत, ‘डोंगराची बाजू’ आणि ‘समुद्राची बाजू’ असे सांगतात. नात आम्हाला शिकवत होती, “दादी, यामागावा म्हणजे डोंगर, उमीगावा म्हणजे समुद्र.” आमच्या गावातही वरची वाडी आणि खालची वाडी यांवरच सगळा पत्ता चालतो. तिला ते सांगितले तर तिने विचारले, “तिथे मग ट्रेन कुठून जाते?”

डोंगराच्या बाजूला चढत गेले की कितानो नावाचा भाग लागतो. परदेशी लोकांची जुनी घरे आहेत ती इथे. जपानी लोक त्यांना ‘इजिनकान’ म्हणतात, म्हणजे परक्या माणसांची घरे. ही घरे टेकडीवरच का, याला कारण आहे. दोन-अडीचशे वर्षे जपानने बाहेरच्या जगासाठी दार जवळजवळ बंद ठेवले होते. पाश्चात्त्य देशांशी करार झाले आणि १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. समुद्रालगत परदेशी व्यापाऱ्यांसाठी एक वसाहत आखण्यात आली. हार्ट नावाच्या इंग्रज इंजिनियरने तिचे रस्ते, गटारे आणि १२६ भूखंड आखले. पण जागा अपुरी पडली, तेव्हा वसाहत आणि डोंगर यांच्यामधल्या पट्ट्यात परदेशी लोकांनी जपानी शेजाऱ्यांसोबत राहावे अशी परवानगी मिळाली. पैसेवाल्यांनी मग उंचावरची हवेशीर जागा धरली. सकाळी खिडकीतून आपली बोट बंदराला लागली की नाही ते दिसत असे. १८९९ मध्ये वसाहत जपानला परत गेली, तरी माणसे राहिली आणि टेकडीवर घरे बांधत राहिली.

चढ मात्र जबरदस्त आहे. मुलाने ‘पंधरा मिनिटे’ म्हटले होते, ते त्याच्या गुडघ्यांचे हिशेब. एका वळणावर आम्ही चुकीचा रस्ता धरला आणि कुणाच्या तरी कपडे वाळत घातलेल्या अंगणापाशी पोहोचलो. घरातल्या आजीबाई बाहेर आल्या. आम्हाला वाटले, आता रागावणार. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, हाताने रस्ता दाखवला आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

चौकात पोहोचलो तर जत्रा भरलेली. वाद्ये वाजवणाऱ्या माणसांचे काशाचे पुतळे आहेत, त्यांच्या शेजारी बसून लोक फोटो काढत होते. समोर लाल विटांचे, टोकदार मनोऱ्याचे घर, मनोऱ्यावर लोखंडी कोंबडा. हेच ते वातकुक्कुटाचे घर. गोटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याने ते १९०९ साली बांधून घेतले. आराखडा गेओर्ग दे लालांद या जर्मन वास्तुविशारदाचा. या भागात बाहेरून विटांचे असलेले एवढे एकच घर आता उरले आहे, बाकीची लाकडी फळ्यांची.

आत जोडे काढून जायचे, हे आम्हाला बरे वाटले. घर युरोपचे, पण रीत जपानची. आणि आपलीही. जेवणाच्या खोलीत जाडजूड लाकडी तुळया, किल्ल्यातल्या दालनासारख्या. दिवाणखाना मात्र नाजूक, वेलबुट्टीचा. पण आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या खोलीत. थॉमस यांना एकच मुलगी, एल्झा. तिच्या खोलीला प्रशस्त खिडक्या आहेत आणि भरपूर उजेड. १९१४ साली हे कुटुंब जर्मनीला गेलेले असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मनी आणि जपान एकमेकांविरुद्ध उभे राहिले, आणि थॉमस कुटुंबाला या घरात परत येता आले नाही. पाच वर्षे राहण्यासाठी एवढे घर! पुढे कित्येक दशकांनी, १९७७ साली या घरावरून नाव घेतलेली दूरदर्शन मालिका जपानभर गाजली आणि लोक कितानो पाहायला लोटू लागले. त्यानंतर म्हातारी झालेली एल्झा एकदा येऊन आपली खोली पाहून गेली. जाताना तिने घराचे जुने फोटोही दिले.

आमची नात त्या खिडकीशी उभी राहून खालचा चौक पाहत होती. सून हळूच म्हणाली, “हिची खोली आता ओसाकाची. गावाला गेली की म्हणते, घरी कधी जायचे?” आम्ही काही बोललो नाही.

शेजारीच फिकट हिरव्या रंगाचे लाकडी घर आहे. १९०३ साली ते अमेरिकेचे वाणिज्यदूत हंटर शार्प यांच्यासाठी बांधले गेले. कितीतरी वर्षे ते पांढरे रंगवलेले होते आणि लोक त्याला पांढरे घरच म्हणत. १९८० नंतरच्या दुरुस्तीत जुना मूळ रंग सापडला आणि तोच परत दिला गेला. वरच्या मजल्यावर लांब व्हरांडा आहे. त्यात उभे राहिलो आणि दापोलीच्या कँपातल्या जुन्या बंगल्यांची आठवण झाली. ती अगदीच उगाच नव्हती. असा व्हरांडा युरोपात कुठला? गोरे लोक हिंदुस्थानात आणि पूर्वेच्या गरम मुलखात व्हरांडा बांधायला शिकले आणि बोटींबरोबर ती पद्धत चीन-जपानच्या बंदरांत घेऊन गेले. म्हणजे ज्याला इथे ‘पाश्चात्त्य’ म्हणून तिकीट लावून दाखवतात, त्यातले थोडेसे आपल्या बाजूचेही आहे.

या घराच्या अंगणात विटांच्या धुराड्याचा तुकडा ठेवला आहे. १९९५च्या भूकंपात तो छपरावरून खाली आला. उचलून टाकून न देता तिथेच ठेवला.

एक सूचना. ही दोन घरे शहराच्या ताब्यातली, त्यांचे तिकीट माफक आहे. इतर घरांपैकी बरीच खासगी आहेत आणि अनेक घरांचे मिळून एक तिकीट घ्या असा आग्रह होतो. कुटुंबाचा हिशेब केला तर ते बरेच महाग पडते. एका घरात तर शेरलॉक होम्सची खोली थाटली आहे. तो कधी कोबेला आला होता, देव जाणे. आमच्या मते दोन घरे नीट पाहावीत, बाकीची रस्त्यावरून. माशाच्या खवल्यांसारखे दगडी कपचे बाहेरून बसवलेले एक घर आहे, ते बाहेरूनच जास्त छान दिसते.

बाराच्या सुमारास उतरून मशिदीकडे आलो. साध्या गल्लीत, इमारतींच्या मध्ये अचानक घुमट आणि मिनार दिसतात. कोबेची मशीद १९३५ सालची, जपानमध्ये आज उभ्या असलेल्या मशिदींत सर्वांत जुनी. तिच्यासाठी वर्गणी जमवणाऱ्यांत इथे व्यापार करणारे हिंदुस्थानी मुसलमान पुढे होते. त्यांच्याबरोबर रशियातल्या क्रांतीनंतर परागंदा होऊन आलेले तातार होते, अरब व्यापारी होते. आराखडा यान श्वागर या चेक वास्तुविशारदाचा मानला जातो. त्याने जपानमध्ये चर्चही बांधली. बांधकाम जपानी कंपनीने केले. हिंदुस्थानींचा पैसा, चेक माणसाची रेघ आणि जपानी गवंड्याचा हात!

हे हिंदुस्थानी इथे आले कसे? १८९३च्या नोव्हेंबरमध्ये एका जपानी कंपनीची पहिली नियमित दूरची बोट सुरू झाली ती कोबे ते मुंबई. बोटीचे नाव हिरोशिमा मारू. माल होता कापूस. जमशेटजी टाटांनी या जपानी कंपनीला साथ दिली, कारण तोवर इंग्रज कंपन्या मनमानी भाडे घेत. आपल्याकडचा कापूस इथल्या गिरण्यांत जाई आणि पुढे इथले कापड आपल्याकडे येई. १९२३च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले बरेच हिंदुस्थानी व्यापारी कोबेला आले. आजही मोत्यांच्या व्यापारात भारतीय आहेत. मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरात जैन मंदिर आहे, गुरुद्वाराही याच शहरात आहे.

मशिदीत शिरताना आम्ही दोघे वेगळे झालो. बायकांची जागा वर आहे. वजूची सोय स्वच्छ. जोहरच्या जमातीला पंचवीस-तीस माणसे होती: इंडोनेशियाची मुले, पाकिस्तानी, आफ्रिकी, दोन जपानी. किब्ला इथेही पश्चिमेलाच, जरा उत्तरेकडे झुकलेला, घरच्यासारखाच. त्यामुळे सलाम फेरताना क्षणभर आपण गावच्या मशिदीत आहोत असे वाटले. बाहेर आल्यावर कळले की आम्हा दोघांनाही तसेच वाटले होते.

भिंतीवर एक जुना फोटो पाहिला. १९४५च्या मार्च आणि जूनमध्ये कोबेवर अमेरिकन विमानांनी आगीचे बाँब टाकले. फोटोत चहूकडे जळून सपाट झालेले शहर आहे आणि मधोमध ही मशीद उभी. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपातही ती टिकली. त्या थंडीत बेघर झालेल्यांना तिने आसराही दिला. टिकण्याचे कारण विचाराल तर पोलादी सळयांचे मजबूत काँक्रीट. वर अल्लाहची मर्जी.

जेवण मशिदीजवळच्याच हलाल खानावळीत झाले. कोबे म्हटले की लोक इथल्या गोमांसाचे नाव काढतात. हलाल कोबे बीफही काही ठिकाणी मिळते, पण भाव ऐकून आम्ही डाळ-भात आणि कबाब मागवले. जपानमध्ये जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: केवळ डुक्कर टाळून भागत नाही. मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू रोजच्या रश्श्यात, भाजीत पडते, काही सोया सॉसमध्येही अल्कोहोल असते. मासे खाऊ म्हणणारे इथेच फसतात. सून दुकानात प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचते, आता नातही वाचते.

जेवताना मुलाने सांगितले, की तो कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करण्याच्या विचारात आहे. त्याने सहज सांगितल्यासारखे सांगितले, पण सून ताटातल्या भातात बोट फिरवत होती, म्हणजे ते आधी ठरले होते. आम्ही “बरे” म्हटले. दुसरे काय म्हणणार?

असरची नमाज मशिदीतच पढून समुद्राकडे निघालो. वाटेत जुन्या वसाहतीचे रस्ते लागतात. आता तिथे महागडी दुकाने आहेत, पण हार्टने आखलेली सरळ चौकट तशीच आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे विटांचे गटारही जपले असून त्याचा एक भाग पाहायला ठेवला आहे. गटार जपणारे शहर आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मेरिकेन पार्क म्हणजे समुद्रात भर घालून केलेले विस्तीर्ण मैदान. १९८७ साली ते खुले झाले. नाव ‘अमेरिकन’ या शब्दाचा जपानी अपभ्रंश. जवळच अमेरिकेचा वाणिज्य दूतावास होता म्हणून धक्क्याला ते चिकटले. लाल रंगाचा, मधे कंबर बारीक केलेल्या डमरूसारखा १०८ मीटरचा मनोरा १९६३ पासून उभा आहे. आम्ही वर गेलो नाही, रांग मोठी होती. सुटी असल्याने मुले सायकली शिकत होती, म्हातारी माणसे बाकांवर बसून डबे खात होती. खाऊन झाल्यावर प्रत्येकाने कागद स्वतःच्याच पिशवीत ठेवला, कारण कचऱ्याचा डबा कुठेच नव्हता.

पार्कच्या एका कडेला धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा भूकंपाने मोडला तसाच ठेवला आहे. दगड खचलेले, दिव्याचे खांब वाकडे, फटींतून समुद्र आत-बाहेर करणारा. त्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली. कोबे तोवर जगातल्या पहिल्या सहा कंटेनर बंदरांत होते; जहाजे दुसऱ्या बंदरांकडे वळली ती सगळी परत आली नाहीत. हिरव्या घराच्या अंगणातले धुराडे आणि हा धक्का. हे लोक मोडलेले झाकत नाहीत. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप १९९३चा, याच्या सव्वा वर्ष आधीचा. आमच्यापैकी एकाने तेव्हा तिथे मदतीच्या गाडीबरोबर पंधरा दिवस काढले होते. त्यामुळे तिथे बराच वेळ उभे राहिलो. दुसऱ्याला थंडी वाजत होती, पण त्या दिवशी तक्रार केली नाही.

पुढे काशाचा आणखी एक पुतळा आहे. आई, बाप आणि समुद्राकडे बोट दाखवणारा मुलगा. २८ एप्रिल १९०८ रोजी कासातो मारू ही बोट ७८१ जपानी माणसांना घेऊन इथूनच ब्राझीलला निघाली. मळ्यांत काम करायचे, पैसे साठवायचे आणि परत यायचे, असे ठरवून. बहुतेक परत आले नाहीत. आज जपानबाहेर जपानी वंशाची सर्वाधिक माणसे ब्राझीलमध्ये आहेत.

तिथे शेवटी आम्ही मुलाला विचारलेच. इतके दिवस मनात होते ते. “राहशील, घर करशील, सगळे ठीक. पण इथे माणूस गेला तर?” जपानमध्ये शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक लोकांचे दहन होते. दफनाला कायद्याने बंदी नाही, पण जागा मिळत नाही. मुसलमानांसाठी अख्ख्या देशात मोजकीच कब्रस्ताने आहेत आणि नवे करायचे म्हटले की आजूबाजूचे लोक, पाण्याच्या भीतीने, विरोध करतात.

तो चिडेल असे वाटले होते. तो म्हणाला, “अम्मी, हे मी तुमच्याआधी विचारून ठेवलंय. मशिदीत चौकशी केली होती. या डोंगरामागे परदेशी लोकांचे मोठे कब्रस्तान आहे, तिथे आपल्या लोकांचीही जागा आहे. शिल्लक किती, ते बघावे लागेल.” आणि मग जरा थांबून, “गावचे कब्रस्तान तर आहेच की. विमानं आहेत.”

नातीने विचारले, “काय शिल्लक?” सुनेने तिला समुद्रातली बोट दाखवली.

आम्हा दोघांत यावर अजून एकमत नाही. एकाला वाटते, ज्या मुलाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी हे विचारून ठेवले, त्याची काळजी करायचे कारण नाही. दुसऱ्याला वाटते, त्याने ते विचारून ठेवले हीच काळजीची गोष्ट आहे.

पाचच्या सुमारास सूर्य गेला. मुलाने पिशवीतून चटई काढली आणि हिरवळीच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यांची वाट अडणार नाही अशी बेताने अंथरली. आम्ही मगरिब तिथेच पढलो. दोन-चार लोक लांबून वळून गेले, कोणी थांबले नाही, कोणी पाहतही राहिले नाही. नमाज संपली तेव्हा मनोऱ्यावर दिवे लागले होते आणि डोंगरावर कितानोच्या घरांतही.

मग आम्ही बशीची गोष्ट सांगितली. मुलगा हसला नाही. “पणदादा इथे उतरले असतील का?” असे त्याने विचारले. उतरल्याशिवाय बशी कशी येणार, असे सून म्हणाली. स्टेशनकडे जाताना ती एका भांड्यांच्या दुकानात शिरली आणि बराच वेळ निळ्या काठाची बशी शोधत राहिली. मिळाली ती हिरव्या काठाची. दुकानदाराने ती चार कागदांत गुंडाळून, दोरी बांधून, दोन्ही हातांनी आमच्याकडे दिली.